थोहा खालसा

थोहा खालसा : पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातील रावळपिंडी जिल्ह्याच्या कहूटा तहसिलीतील एक खेडे. मार्च १९४७ मधील जातीय दंगलींत सशस्त्र जमावांनी या गावाला अनेक दिवस वेढा घातला आणि त्याच्या अखेरीस सु. ९० शीख स्त्रियांनी गावातील एका विहिरीत उड्या घेतल्या. फाळणीच्या इतिहासात ही घटना प्रामुख्याने स्त्रियांच्या आत्मबलिदानाची घटना म्हणून नोंदली गेली. तथापि तिच्या आधी व नंतर जे घडले, ते लक्षात घेतल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही.

कहूटा तहसील पोठोहार पठाराच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात असून झेलम नदी ही तिची पूर्व सीमा होय. येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्यामुळे ब्रिटिश अंमलात या भागातील कुटुंबांना लष्करातील नोकरीचा मोठा आधार होता. रावळपिंडी व झेलम हे हिंदी सैन्याच्या भरतीचे प्रमुख जिल्हे मानले जात. १९४१ च्या जनगणनेनुसार रावळपिंडी जिल्ह्यात मुसलमानांचे प्रमाण सु. ८० टक्के होते. उरलेल्या पाचव्या हिश्श्यात हिंदू व शीख यांचा प्रामुख्याने समावेश होता. शिखांपैकी बरेचसे खत्री वगैरे व्यापारी जातींमधले. पूर्व पंजाबातील जाट शीख जसा जमिनीचा मालक व कसणारा होता, तसा येथील शीख क्वचितच असे. गावचे दुकान, धान्याचा व्यापार व सावकारी हे त्याचे व्यवसाय, तर त्याचे ऋणको बहुतेक मुसलमान शेतकरी. पंजाब जमीन हस्तांतरण कायद्याने (१९००) शेतकरी जमातींच्या जमिनी बिगरशेतकरी सावकारांकडे जाण्यास आळा घातला होता. १९३० नंतरच्या दशकात युनियनिस्ट सरकारने कर्जनिवारणाचे व गहाण जमिनी परत करण्याचे आणखी कायदे केले. तरीही देणेकरी व सावकार यांतील तेढ संपली नाही. मार्च १९४७ मध्ये अनेक ठिकाणी दुकाने लुटण्याबरोबरच कर्जाच्या वह्या व रोखेही जाळण्यात आले. त्यामागे हा पूर्वेतिहास होता.

गावगाड्यातील परस्परसंबंध एरवी सलोख्याचे होते, असे दोन्ही बाजूंचे वृद्ध सांगत आले आहेत. लग्नकार्यात एकमेकांकडे जाणे-येणे असे. पंजाबी बोली, पीरांचे दर्गे व जत्रा समाईक होत्या. परंतु मुसलमानाच्या हातचे अन्न हिंदू व शीख घेत नसत. आलेल्या मुसलमान पाहुण्यासाठी वेगळे भांडे असे आणि रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे पाणी मिळे. या गावातून वाचलेल्या एका शीख गृहस्थाने पुढे पन्नास वर्षांनी आपली साक्ष देताना, ज्यांच्या घरी आपण जेवलो त्यांना आपण मात्र कधीच आपल्या भांड्यांना शिवू दिले नाही, या गोष्टीचा विषादपूर्वक उल्लेख केला. हत्याकांडाचे कारण म्हणून ही बाब पुरेशी नाही, हे उघडच आहे. शेजारधर्माचा धागा किती झिजला होता, हे मात्र तीवरून कळते.

राजकीय पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १९४६ च्या निवडणुकीत पंजाब विधानसभेत मुस्लिम लीग हा सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण त्याला बहुमत मिळाले नाही. युनियनिस्ट नेते खिज्र हयात खान तिवाना यांनी काँग्रेस व अकाली यांच्या पाठिंब्याने मंत्रिमंडळ बनविले. कलकत्ता (ऑगस्ट १९४६), नोआखाली (ऑक्टोबर) आणि बिहार (ऑक्टोबर-नोव्हेंबर) येथील दंगलींनंतर वातावरण बिघडत गेले. बिहारमध्ये मुसलमानांचे मोठ्या प्रमाणावर शिरकाण झाले होते आणि त्याच्या कहाण्या व छायाचित्रे वायव्येकडील जिल्ह्यांत पसरविली गेली. डिसेंबर १९४६ मध्ये शेजारच्या हजारा जिल्ह्यात हिंदू व शीख वस्त्यांवर हल्ले होऊन तेथील निर्वासित रावळपिंडीस आले. २४ जानेवारी १९४७ रोजी पंजाब सरकारने मुस्लिम नॅशनल गार्ड व राष्ट्रीय स्वयंसेवक संघ या दोन्ही संघटनांवर बंदी घातली. चारच दिवसांनी ती उठविण्यात आली, पण लीगचे सरकारविरोधी आंदोलन २६ फेब्रुवारीपर्यंत चालले. त्याआधी २० फेब्रुवारीस ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पूर्वी सत्तांतर करण्याची घोषणा केली होती. २ मार्च रोजी खिज्र हयात यांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी लाहोरच्या विधानसभेबाहेर मास्टर तारासिंग यांनी कृपाण उपसून पाकिस्तानविरोधी घोषणा दिल्या. मास्टर तारासिंग हे मूळचे रावळपिंडी जिल्ह्यातील हरियाल गावचे, हा योगायोग येथे नमूद करण्यासारखा आहे. ४ मार्चला लाहोर, पाठोपाठ अमृतसर, मुलतान व रावळपिंडी या शहरांत दंगली पेटल्या. ५ मार्च रोजी गव्हर्नर इव्हान जेंकिन्झ यांनी १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली प्रांताचा कारभार स्वतःकडे घेतला.

रावळपिंडी शहरात हिंदू व शिखांनी कडवा प्रतिकार केला. त्यानंतर दंगलीचा रोख खेड्यांकडे वळला. ६-७ मार्चपासून सु. आठवडाभर रावळपिंडी, अटक (तत्कालीन कँबेलपूर) व झेलम या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात एकामागून एक गावांवर हल्ले झाले. त्यांत कहूटा, मटोर, दुबेरन, थमाली, बेवल इ. गावांचा समावेश होतो. हल्ल्याची रीत सर्वत्र जवळजवळ सारखीच आढळते. ढोल वाजवीत आसपासच्या अनेक खेड्यांतील लोक जमत. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले, बंदुकीची व व्यूहरचनेची माहिती असलेले लोक असत. गाव चारी बाजूंनी वेढले जाई. मग बोलणी होत : शस्त्रे खाली ठेवा, अमुक रक्कम द्या, धर्मांतर करा. रक्कम दिल्यावर काही काळ शांतता राही व पुन्हा नवा जमाव येई. धर्मांतर पत्करणाऱ्या शिखांचे केस व दाढी कापण्यात येत आणि सुंता करण्यात येई. घरे लुटून पेटवून दिली जात व लुटीचा माल गाढवे आणि उंट यांवर लादून नेण्यात येई. ही पद्धतशीर पुनरावृत्ती पाहता हे लोण उत्स्फूर्त क्षोभाचे नव्हते, असेच म्हणावे लागते. मात्र त्यामागे एखादी मध्यवर्ती आज्ञा होती की स्थानिक पुढारी, माजी सैनिक व धर्मोपदेशक यांची परस्परांशी जुळलेली कृती होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. याच दिवसांत कित्येक मुसलमान कुटुंबांनी शेजाऱ्यांना माळ्यावर व कोठारात लपवून वाचविले. वाचलेल्यांच्या जवळजवळ प्रत्येक साक्षीत असा एखादा शेजारी आहे.

थोहा खालसा हे शिखांची मोठी वस्ती असलेले व सुखवस्तू गाव होते. जवळच्या लहान वस्त्यांमधील काही शीख कुटुंबे संरक्षणाच्या आशेने येथे येऊन राहिली. गावाला वेढा पडल्यावर प्रथम बाहेरची घरे जाळण्यात आली. शिखांनी प्रतिकार केला, पण दारूगोळा अपुरा होता. मग वाटाघाटी होऊन रक्कम देण्यात आली आणि तडजोड लवकरच मोडली. दिवसांमागून दिवस गेले, लष्कर आले नाही. वाचलेली कुटुंबे गावातील एका धनिक शिखाच्या वाड्यात एकवटली.

यानंतर जे घडले त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. पहिला भाग वाड्यातील होय. स्त्रिया जमावाच्या हाती पडतील या भीतीने काही कुटुंबप्रमुखांनी आपल्याच मुलींचा, सुनांचा व बहिणींचा कृपाणीने वध केला. अशा रीतीने मारल्या गेलेल्यांची संख्या पंचवीसच्या आसपास सांगितली जाते. बापाने मुलीची वेणी बाजूला सारली, तिने मान पुढे केली, अशा तपशिलांसह या हकीकती पुढे सांगितल्या गेल्या आणि सांगणारे बहुधा त्या वेळी तेथे उपस्थित असलेले पुत्र व बंधू होते. दुसरा भाग विहिरीचा. १२-१३ मार्चच्या सुमारास, वाडाही फार काळ टिकणार नाही असे दिसू लागल्यावर, एका मान्यवर घराण्यातील वयस्क स्त्रीने प्रार्थना म्हणून विहिरीत उडी घेतली व तिच्यामागून इतर स्त्रियांनी, कित्येकींनी लेकरांना कडेवर घेऊन, उड्या घेतल्या. विहीर मृतदेहांनी इतकी भरली, की शेवटी उडी घेणाऱ्या काहीजणी पाण्याखाली गेल्याच नाहीत व त्या वाचल्या. मृतांची संख्या सामान्यतः ९० दिली जाते. काही कथनांत ती थोडी अधिक आहे. त्यानंतर लष्कराची तुकडी पोहोचली व उरलेल्यांना निर्वासित छावणीत हलविण्यात आले.

रावळपिंडी हे त्या काळी लष्कराच्या उत्तर विभागाचे मुख्यालय व हिंदुस्थानातील अत्यंत मोठ्या छावण्यांपैकी एक होते. तेथून काही तासांच्या अंतरावरील गावे आठवडाभर जळत राहिली, ही वस्तुस्थिती प्रशासनाच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या सर्व कारणांना पुरून उरते. सैन्याचा पहिला वापर शहरांत झाला. डोंगराळ भागात रस्ते कमी होते. पोलीस दलात मुसलमानांचे बहुमत होते व कित्येक ठाण्यांनी काणाडोळा केला. वृत्त उशिरा पोहोचले. ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु ५ मार्चपासून प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. कारभार गव्हर्नर व त्याचे अधिकारी यांच्याच हाती होता, म्हणून या अपयशाची जबाबदारी प्रांतिक पक्षांवर ढकलता येत नाही. जाता जाता सत्ता सोडून द्यावयाची असल्यामुळे तिचा वापर करण्याची इच्छाच या अधिकारीवर्गात उरली नव्हती.

मार्चच्या मध्यास जवाहरलाल नेहरूंनी या भागाचा दौरा केला. एप्रिलच्या अखेरीस नवे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी जळालेले कहूटा पाहिले, तर लेडी माउंटबॅटन यांनी वाह येथील छावणीस भेट दिली. रावळपिंडी विभागातील मृतांचा सरकारी अंदाज दोन हजारांहून अधिक असून शीख संघटनांनी तो याच्या कितीतरी पट दिला आहे. वाह व काला येथील छावण्यांत हजारो लोक राहिले. पुष्कळजण अमृतसर, पतियाळा व दिल्लीकडे गेले. गुन्हेगारांवरील कारवाई मात्र नाममात्रच राहिली. ऑगस्ट १९४७ मध्ये सीमा आखली गेली तेव्हा आरोपी एका देशात व फिर्यादी आणि साक्षीदार दुसऱ्या देशात, अशी स्थिती झाली. एका अर्थाने सीमारेषेनेच हे खटले निकालात काढले.

या दंगलींचे राजकीय परिणाम तात्काळ दिसून आले. ८ मार्च रोजी काँग्रेस कार्यकारिणीने पंजाबच्या दोन भागांत विभागणीची मागणी करणारा ठराव संमत केला. शीख नेतृत्वाने पाकिस्तानात राहण्याचा विचार कायमचा सोडला. रावळपिंडीचे निर्वासित जेथे जेथे गेले तेथे तेथे या कहाण्या पोहोचल्या आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पूर्व पंजाबातील व शीख संस्थानांतील मुसलमानांच्या कत्तली करणाऱ्या जथ्यांनी त्यांचा सूड म्हणून उच्चार केला. जी कत्तल झाली तिचे बळी हे पोठोहारातील कोणत्याही कृत्याशी संबंध नसलेले शेतकरी, विणकर व कारागीर होते. तेथील मुसलमान गावांमध्येही स्त्रियांनी विहिरी जवळ केल्या, त्यांचेही अपहरण झाले. थोहा खालसा हे नाव प्रसिद्धीस आले. या गावांपैकी बहुतेकांना ती मिळाली नाही.

मार्च १९४७ ची छाया पुढील कायद्यांवर स्पष्टपणे पडलेली आहे. विस्थापित व्यक्तीची व्याख्या करताना भारत सरकारने १५ ऑगस्ट ही तारीख न धरता १ मार्च १९४७ ही धरली, याचे कारण रावळपिंडीचे निर्वासित हेच होय. या व्याख्येनुसार १९५० च्या कायद्याखाली मालमत्तेचे दावे नोंदविता आले व १९५४ च्या कायद्याखाली भरपाई मिळू शकली; भरपाई घर, दुकान व जमीन यांची होती, माणसांची नव्हे. हीच तारीख अपहृत व्यक्तींच्या (शोध व परतपाठवणी) १९४९ च्या कायद्यातही आढळते. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही देशांत झालेल्या करारातून हा कायदा निघाला. पाकिस्तानने त्याच वर्षी समांतर वटहुकूम काढला. अपहृत स्त्रियांची संख्या भारतात सु. ५०,००० मुसलमान व पाकिस्तानात सु. ३३,००० हिंदू आणि शीख अशी धरण्यात आली होती.

कायद्यातील अपहृताची व्याख्या अशी : १ मार्च १९४७ पूर्वी मुसलमान असलेली कोणत्याही वयाची स्त्री अथवा सोळा वर्षांखालील मुलगा, जो त्या तारखेनंतर व १ जानेवारी १९४९ पूर्वी आपल्या कुटुंबापासून विभक्त होऊन बिगरमुसलमान व्यक्तीकडे राहत असेल. सोळा वर्षांवरील पुरुषाला आपण कोठे राहावे हे ठरविता येत असे, चाळीस वर्षांच्या स्त्रीला येत नसे. पोलीस अधिकाऱ्यास वॉरंटावाचून घरात शिरून तिला ताब्यात घेता येई; ती अपहृत आहे की नाही, हे न्यायाधिकरण ठरवी; छावणीतील स्थानबद्धतेस न्यायालयात आव्हान देता येत नसे. तिची स्वतःची इच्छा विचारण्याची तरतूद या कायद्यात नाही. डिसेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत (कायदेमंडळ या नात्याने) काही सभासदांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता, पण तो मान्य झाला नाही. फिरोझपूर जिल्ह्यातील एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात पंजाब उच्च न्यायालयाने अशी स्थानबद्धता संविधानाच्या अनुच्छेद २२ चा भंग करणारी ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५२ मध्ये हा निर्णय फिरविला व कायदा वैध ठरविला (पंजाब राज्य विरुद्ध अजायबसिंग). १९५७ मध्ये कायदा संपुष्टात येईपर्यंत दोन्ही देशांतून मिळून सु. ३०,००० स्त्रिया परत पाठविल्या गेल्या. मृदुला साराभाई, कमळाबेन पटेल इ. कार्यकर्त्यांनी हे काम अपार कष्टाने केले. त्यांनी अनेकींना खरोखरीच बंदिवासातून सोडविले. पण अनेकींना दुसऱ्यांदा संसारातून उचलले गेले आणि त्यांपैकी कित्येकींच्या माहेरच्या माणसांनी त्यांना घरात घेतले नाही. विहिरीत उडी घेणारीचा गौरव व परतलेलीचा अव्हेर या दोन्ही गोष्टी एकाच इज्जतीच्या कल्पनेतून आल्या आहेत.

थोहा खालसाच्या घटनेचे पहिले व्यापक वृत्त एप्रिल १९४७ मध्ये द स्टेट्समन या दैनिकाने दिले व राजपूत परंपरेतील जोहाराशी तिची तुलना केली. ही तुलना रूढ झाली. गोपाळदास खोसला यांचा स्टर्न रेकनिंग (१९४९) व शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने प्रसिद्ध केलेला गुरुबचनसिंग तालिब यांचा ग्रंथ (१९५०) यांत साक्षींचा मोठा संग्रह असला, तरी त्यांची मांडणी शत्रुपक्षावरील आरोपपत्राची आहे. १९९० नंतरच्या दशकात उर्वशी बुटालिया, रितू मेनन व कमला भसीन आणि ग्यानेंद्र पांडे यांनी वाचलेल्यांशी प्रत्यक्ष बोलून व जुन्या नोंदी पुन्हा तपासून वेगळे प्रश्न विचारले. मारल्या गेलेल्या स्त्रियांना ‘हुतात्मा’ म्हणताना मारणारा कोण, हे वाक्यातून कसे गळून पडते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. दिल्लीतील भोगल भागातील गुरुद्वारात स्थायिक झालेल्या पोठोहारी कुटुंबांकडून मार्च महिन्यात या मृतांचे स्मरण करण्यात येई, असे बुटालिया यांनी नोंदविले आहे. विहीर भरल्यामुळे वाचलेल्या एका स्त्रीची साक्षही त्यांनी छापली आहे. आपण पुन्हापुन्हा उडी घेतली तरी बुडालो नाही, एवढेच ती साधेपणाने सांगते.

रावळपिंडीचेच असलेले भीष्म सहानी यांच्या तमस (१९७४) या हिंदी कादंबरीत असा प्रसंग आला असून गोविंद निहलानी यांनी तिच्यावरून केलेली मालिका १९८८ मध्ये दूरदर्शनवरून दाखविण्यात आली. तिचे प्रक्षेपण थांबविण्यासाठी केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहून फेटाळला व सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. पाकिस्तानी दिग्दर्शिका सबिहा सुमर यांच्या खामोश पानी (२००३) या पंजाबी चित्रपटाची नायिका ही १९४७ मध्ये विहिरीत उडी घेण्यास नकार देऊन पळालेली शीख मुलगी आहे. ती त्याच गावात मुसलमान म्हणून आयुष्य काढते, मुलांना कुराण शिकविते, पण विहिरीवर पाणी भरण्यास कधीही जात नाही.